पंचायतीची खुर्ची, गढीचं पाणी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कौडगढी, ता. अहमदपूर, जि. लातूर
२ एप्रिल १९८३

तीर्थरूप आत्यास, संगप्पाचा शरणार्थ.

आधी जिल्हा नीट वाच. लातूर. तू अजून पाकिटावर उस्मानाबाद लिहून राहिलीस आणि पोस्टमन मला चिडवून राहिला, की सरपंचाच्या आत्याला अजून नवा जिल्हा मंजूर न्हाई म्हणून.

आम्ही खुशाल आहोत असं लिहिलं तर तुझी भाचेसून नीलम्मा हसेल, म्हणून लिहीत न्हाई. यंदा पाण्याचं काही खरं न्हाई. नदीत झरे उकरून बायका वाटीनं पाणी भरून राहिल्यात. शेजारची चांगुणा, जी माझ्या निवडणुकीत घरोघर फिरली, ती पहाटे जाते ती उन्हं डोक्यावर आल्यावर येते, तीही अर्धी घागर घेऊन. मला बघितलं की म्हणते, "सरपंच, हाय की न्हाई तुझ्या पंचायतीत पाणी?" हसून म्हणते, पण मला घरात शिरावं वाटतं.

टँकरसाठी लातूरला तीन खेपा झाल्या. कचेरी नवी, साहेब नवे, कागद मात्र उस्मानाबादेहून आलेले. त्या कागदात लिहिलंय की कौडगढीत बारमाही पाण्याची बारव हाय, सबब टँकर न्हाई. बारव हाय, खरंच हाय! पण ती गढीच्या भिंतीआड, राणीसरकारांच्या परसात. गढीच्या दारापुढच्या दगडी डोणीत तिचं पाणी येत होतं ते दोन वर्षांपासून बंद. गावात सगळे म्हणतात, राणीसरकारांनी मुद्दाम पन्हाळ बुजवली. निवडणुकीत माझ्याकडून त्यांचा पुतण्या पडला तेव्हापासून तर लोकांची खात्रीच झालीय. पाणी दाबून बसलीय म्हातारी.

मी गढीत अर्ज धाडला. काल जवाब आला: सोमवारी, १८ तारखेला सकाळी भेटीस या. तुझं बालपण गढीत गेलं, राणीसरकार नवरी होऊन आल्या तेव्हा तू त्यांची सोबतीण होतीस, म्हणून तुला विचारतो. तिथं वागायचं कसं? ऐकतो की तीनदा मुजरा करावा लागतो, जाजमावर बसावं लागतं, त्या बोलल्याशिवाय तोंड उघडायचं न्हाई. आत्या, मला लोकांनी निवडून दिलंय. मी माझ्यासाठी जात न्हाई, गावासाठी जाऊन राहिलो. मी वाकलो तर गाव वाकलं. आमचा दगडोबा मेंबर म्हणतो, पंचायतीची लोखंडी घडीची खुर्ची आपण सोबत नेऊ आणि सरपंच त्याच्यावरच बसेल. मला पटतंय. तुला काय वाटतं?

तुझा
संगप्पा

॥

उदगीर
७ एप्रिल

चि. संगप्पास अनेक आशीर्वाद.

अय्यो शिवा! खुर्ची? संगप्पा, लग्नात जेवायला जाताना स्वतःचं ताट नेतोस का रे तू? ती खुर्ची घरी ठेव. त्या दगडोबालाही घरी ठेव.

आता मन लावून वाच. देवडीत चपला काढ, पण डोकं उघडं ठेवू नको, टोपी घाल. बोडक्या डोक्यानं गढीत फक्त सुतकातला माणूस जातो. मुजरा तीनदा, घाईनं नको. कमरेत वाक, मान टाकू नको. राणीसरकार कुणासाठीही उठत नाहीत. कलेक्टर आले होते तेव्हाही उठल्या नव्हत्या, तेव्हा तुझ्यासाठी उठल्या नाहीत म्हणून फुगून बसू नको. निघताना पाठ दाखवायची नाही. दारापर्यंत मागं मागं यायचं. उंबरा कुठं आहे ते आत जाताना बघून ठेव, नाहीतर तुझ्या बापासारखा उताणा पडशील. ईश्वरप्पा पडला होता, आणि राणीसरकार पदर तोंडात धरून हसल्या होत्या.

तू म्हणतोस, मी वाकलो तर गाव वाकलं. असं नसतं रे बाळा. मुजरा करणारा लहान होत नाही. लहानपणी मीही रोज करायची, आणि त्याच मुजऱ्यानंतर आम्ही दोघी एका पाटीवर अक्षरं गिरवायचो, एकमेकींच्या झिंज्या ओढायचो.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. बसल्यावर त्यांची दासी केवळाबाई चांदीच्या फुलपात्रात पाणी घेऊन येईल. ते प्यायचं. गढीतलं हे एकच कलम मोडायचं नसतं. गढीचं पाणी प्यालेला माणूस घरचा होतो, आणि घरच्यापासून तिथं काही झाकत नाहीत. पाणी परत केलं तर बोलणं संपलं, मग तू सरपंच असो की दिल्लीचा बादशहा. तू पाणी प्यालास की त्या उठतील आणि मागच्या सज्जाकडे चालू लागतील. मागोमाग जा. कुठं म्हणून विचारू नको. तिथं गेल्यावर तुझं काम होईल.

एवढंच लिहिता येतं मला. बाकीचं विचारू नको. पाणी पी, संगप्पा.

तुझी आत्या
रत्नम्मा

॥

कौडगढी, जि. लातूर
१९ एप्रिल

तीर्थरूप आत्यास शरणार्थ.

काल गढीत जाऊन आलो. तुझं पत्र मिळालं होतं, पण गावाचं ऐकणं भाग होतं, म्हणून खुर्ची गेली. दगडोबा ती डोक्यावर घेऊन पुढं, मागं मी, आणि माझ्यामागं निम्मं गाव. देवडीत केवळाबाई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "हे काय लोखंड आणलंय?" दगडोबा म्हणाला, "हे लोखंड न्हाई, ग्रामपंचायत हाय." घासाघीस झाली. शेवटी खुर्ची आत आली, पण बाकीचे लोक देवडीतच राहिले.

राणीसरकार फारच वाळल्यात, आत्या. पांढरं लुगडं, गळ्यात काही न्हाई, पण बसण्यात काय ऐट हाय! त्यांनी खुर्चीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलंच न्हाई. मी मुजरा केला न्हाई. हात जोडून नमस्कार केला, जसा लातूरला साहेबाला करतो तसा. त्यांनीही नमस्कार घेतला. म्हणाल्या, "बसा, सरपंच." मी खुर्चीवर बसलो, तर मी त्यांच्यापेक्षा हातभर उंच झालो, आणि मला माझे पाय कुठं ठेवावेत ते कळेना.

मग फुलपात्र आलं. त्यात पाणी होतं, तळाशी जरासं. मी म्हणालो, "नको."

त्या म्हणाल्या, "उन्हातून आलात. घ्या." मी पुन्हा म्हणालो, "नको, सरकार." त्यांचा चेहरा काही बदलला न्हाई. केवळाबाईला खूण केली, ती फुलपात्र दोन्ही हातांनी सांभाळत परत घेऊन गेली. आणि राणीसरकार म्हणाल्या, "मग बोलण्यासारखं काही नाही." झालं. मी खुर्चीची घडी करून काखेत घेतली आणि पाठ फिरवून सरळ चालत बाहेर आलो.

देवडीत लोकांना कळलं तसा एकच गलका उठला. "गाव तहानलंय आणि आमचा सरपंच गढीचा घोट घेईल होय?" दगडोबानं मला खुर्चीसकट उचललं. चावडीपर्यंत मिरवणूक. अहमदपूरच्या पेपरवाल्यानं येऊन लिहून नेलं. "तहानलेल्या गावाच्या सरपंचाने राजवाड्याचे पाणी नाकारले" असं छापून येणार म्हणे. आत्या, तुला राग येईल हे ठाऊक हाय. पण स्वाभिमान म्हणून एक गोष्ट असते. आप्पा असते तर त्यांनाही बरं वाटलं असतं.

पाणी काही मिळालं न्हाई. ते आता आम्ही दुसऱ्या मार्गानं घेऊ.

तुझा
संगप्पा

॥

उदगीर
२४ एप्रिल

संगप्पा,

तुझं पत्र वाचून मी चुलीवरचं उतरवून ठेवलं आणि बसून राहिले. एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. त्या दिवशी तुझी पूजा झाली होती का?

मला स्वाभिमान शिकवू नको. तू ईश्वरप्पाचा पोरगा. मुंज्यासारखा हट्टी. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नाहीस, आणि डोक्यावरून आंघोळ झाल्याशिवाय पूजा करत नाहीस. ताप भरला होता तेव्हाही घेतलं नव्हतंस, मी उशाशी रडत बसले होते. सोमवार होता, सकाळची वेळ होती, गावात पाणी नाही. मला नाही वाटत की तू गावासाठी नको म्हणालास.

तसं असेल तर पुन्हा जा. जाऊन सांग, की सरकार, माझा नेम होता. त्या देवाधर्माच्या बाई आहेत, एका शब्दात समजतील. उद्याच जा. उशीर करू नको, संगप्पा. तुला वाटतं त्यापेक्षा ह्या भेटीत जास्त काही होतं. मला बोलायला बंदी आहे म्हणून मी अशी गोल गोल लिहिते आहे, आणि माझा जीव खालीवर होतो आहे.

रत्नम्मा

॥

(पोस्टकार्ड)
कौडगढी
२९ एप्रिल

आत्यास शरणार्थ. पत्र पोचलं. पूजेचं काय घेऊन बसलीस? झालं ते झालं. आता परत गेलो तर लोक म्हणतील, सरपंच रात्रीतून विकला गेला. पेपरात नाव आलंय. शेजारच्या गावांतून माणसं मला बघायला येऊन राहिलीत. तहसीलदार साहेबांना म्हणालो, गढीत शिरून बारवेचा पंचनामा करा, तर म्हणाले, राणीसाहेबांनी बोलावल्याशिवाय आम्ही कसं जाणार. बघ, तुझा मुजरा कुठंवर पोचलाय ते. १६ मेच्या सोमवारी गढीवर मोर्चा नेणार हाय. जास्त लिहायला जागा न्हाई.

संगप्पा

॥

कौडगढी
१२ मे

आत्या,

हे पत्र पोस्टात टाकत न्हाई. उदगीर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देऊन राहिलो. त्याच्याच हाती जवाब दे.

चांगुणा पडली. नदीतले झरे आटले म्हणून बायका किशनरावाच्या विहिरीत दोर बांधून उतरत होत्या. किशनराव तिचा नवरा, तो नको नको म्हणत होता. तिनं ऐकलं न्हाई. तळाला गाळ खरडून तिनं घागर भरली, ती वर ओढून घेतली लोकांनी. मग तिला ओढताना दोर कपारीला घासून तुटला. आम्ही बैलगाडीत गवत घालून तिला अहमदपूरला नेलं, तिथून लातूरच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणतात, कंबर गेली. जगेल, पण चालणं होईल असं दिसत न्हाई.

मी काल तिला भेटायला गेलो होतो. तिला बोलायला त्रास होत होता, तरी हात धरला माझा. म्हणाली, "सरपंच, रडतोस काय रं. तू तर आमच्यासाठी गढीत पाणी न्हाई पिलास. आम्ही तहानलेले म्हून तुझ्या घशाखाली उतरलं न्हाई. लई अभिमान हाय मला तुझा. मंग माझ्यानं एक घागर न्हाई काढवत का?"

आत्या, ती त्या भरवशावर विहिरीत उतरली. माझ्याच भरवशावर.

तू ओळखलं होतंस. माझी पूजा झालेली नव्हती. नीलम्मानं माझ्या आंघोळीला म्हणून रात्री एक घागर वेगळी ठेवली होती. सकाळी उठून बघतो तर म्हशीनं तोंड घालून ती सगळी पिऊन टाकलेली. म्हशीला मारायला गेलो तर ती माझ्याकडे इतकी शांतपणे बघत होती की हात उठला न्हाई. तसाच तोंड पुसून, टोपी घालून गढीत गेलो. आंघोळ न्हाई म्हणून पूजा न्हाई, पूजा न्हाई म्हणून पाणी न्हाई. राणीसरकारांपुढं पारोसा आलोय हे सांगायची लाज वाटली. पंचायतीच्या खुर्चीवर बसून कसं सांगू, की सरकार, मी बिनआंघोळीचा हाय? म्हणून नुसतं "नको" म्हणालो. बाहेर आलो तर लोकांनी त्याचा स्वाभिमान केला. मला तोंड उघडायला जागाच न्हाई ठेवली, आणि खरं सांगू, मला ते गोडही लागलं.

आता सोमवारचा मोर्चा. चांगुणेचं झाल्यापासून लोक पेटलेत. दगडोबा म्हणतो, आता अर्ज-बिर्ज बंद, गढीचं दार फोडायचं. कुऱ्हाडी, पहारी गोळा होऊन राहिल्या. सगळं माझ्या नावानं, माझ्या बेइज्जतीचा बदला म्हणून. आत ती म्हातारी आणि केवळाबाई, दोघीच. मी काय करू? तू म्हणत होतीस बोलायला बंदी हाय. आत्या, आता तरी बोल.

संगप्पा

॥

उदगीर
१३ मे

चि. संगप्पास आशीर्वाद.

चांगुणेचं वाचून माझ्या हातून काम होईना. कंडक्टर खाली उभा आहे, म्हणून भराभर लिहिते.

बारवेत पाणी नाही. दोन वर्षांपासून नाही. कुणी पन्हाळ बुजवली नाही रे, बारवच आटली. तळाला एक पाझर आहे, केवळाबाई तिथं वाटी लावून ठेवते आणि दोघी तेवढ्यावर दिवस काढतात. त्या दिवशी तुझ्यापुढं आलेलं फुलपात्र म्हणजे त्यांचं सकाळभराचं पाणी होतं. म्हणून तर ती दोन्ही हातांनी धरून परत गेली.

राणीसरकारांनी मला गेल्या उन्हाळ्यात हे सांगितलं आणि माझ्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावून माझ्याकडून शपथ घेतली, की रत्नम्मा, बाहेर बोलायचं नाही. त्यांच्या सासऱ्यांचे वडील बारव खोदताना बोलले होते, ह्या गावाला गढी कधी पाणी नाही म्हणणार नाही. तो 'नाही' शब्द आपल्या तोंडून यावा हे त्यांना सोसवत नाही. मी म्हणाले, लोक तुम्हाला पाणी दाबणारी म्हणतात. तर म्हणाल्या, "दुष्ट म्हणू दे. गढी कोरडी पडली असं कुणी म्हणू नये." ही त्यांची खोड. पण त्यामुळे तुमच्या गावाचा टँकर अडला हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी मला निरोप धाडला, की तुझ्या भाच्याला भेटीस बोलावलंय. तो पाणी प्याला की घरचा झाला, मग त्याला सज्जात नेऊन बारव दाखवेन. त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं नव्हतं, तू डोळ्यांनी बघावं असं हवं होतं. तेवढ्यासाठी मी तुला पाणी पी, पाणी पी म्हणून लिहीत होते. सरळ लिहिलं असतं तर चांगुणा आज चालली असती. शपथ मोडवत नव्हती मला. आता मोडली. माझं काय व्हायचं ते होवो.

आणि ऐक. डोक्यावरून आंघोळ झाल्याशिवाय पूजा होत नाही, हे तुला सांगितलं कुणी? ओल्या फडक्यानं अंग पुसून, विभूती लावूनही होते. हे तुझं तू वाढवलेलं आहेस. जसं त्यांचं त्यांनी.

दार फुटू देऊ नको, संगप्पा. ती बारव फुटलेल्या दारातून दिसली तर त्या जगणार नाहीत.

रत्नम्मा

॥

कौडगढी
२४ मे

तीर्थरूप आत्यास शरणार्थ.

तुला तारेनं फक्त "दार शाबूत" एवढंच कळवलं होतं. आता सविस्तर लिहितो.

सोमवारी सकाळी चावडीपुढं सगळं गाव जमलं. दगडोबानं खुर्ची मध्ये मांडली आणि म्हणाला, सरपंच, याच्यावर उभं राहून हुकूम दे. मी उभा न्हाई राहिलो. म्हणालो, खुर्ची घे आणि चल माझ्यामागं, पण दाराला कुणी हात लावायचा न्हाई. रस्त्यात डोक्यात एकच विचार. तुझी शपथ मोडून मला कळलेलं मी सगळ्यांपुढं बोललो, तर गढी उघडी पडते. न बोललो तर दार फुटतं. मग मला वाटलं, दुसऱ्याचं झाकलेलं काढायचा हक्क मला न्हाई, पण माझं स्वतःचं तर हाय.

दारापुढच्या कोरड्या डोणीपाशी मी चपला काढल्या. टोपी नीट केली. आणि बंद दारापुढं तीनदा मुजरा केला. घाईनं न्हाई केला, तू म्हणालीस तसा केला. मागून कुणीतरी "थूत्" म्हणालं. मी वळलो न्हाई. मोठ्यानं म्हणालो, "सरकार, त्या दिवशी मी तुमचं पाणी नाकारलं ते गावासाठी न्हाई. माझी पूजा झाली नव्हती. पूजा झाली नव्हती कारण आंघोळीचं पाणी म्हशीनं पिलं. मी पारोसा आलो होतो आणि ते सांगायची मला लाज वाटली. लोकांनी मला मोठं केलं, मी गप बसलो. चांगुणा ते खरं मानून विहिरीत उतरली. माझी चूक झाली. आज मी पाणी मागायला आलोय."

आत्या, आधी हसले. म्हशीचं ऐकून सगळे हसले. मग हसणं थांबलं आणि शिव्या सुरू झाल्या. किशनराव पुढं आला आणि माझ्या तोंडासमोर येऊन नुसता उभा राहिला. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. दगडोबानं खुर्ची आपटली. म्हणाला, "म्हशीच्या पायी मिरवणूक काढली रं आम्ही तुझी!" आणि कुऱ्हाडवाले दाराकडं सरकले.

तेवढ्यात दार आतून उघडलं.

राणीसरकार स्वतः देवडीत आल्या होत्या. काठी टेकत. मागं केवळाबाई. लोक होते तिथं थबकले, आणि सवयीनं की कशानं कोण जाणे, पुढच्यांची डोकी वाकली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केवळा, सरपंचांना पाणी आण." केवळाबाई जागची हलली न्हाई. फुलपात्र तिच्या हातातच होतं. तिनं हळूच काही सांगितलं. पाझर दोन दिवसांपूर्वीच थांबला होता, हे मला मागून कळलं.

राणीसरकारांनी फुलपात्र आपल्या हातात घेतलं. मी ओंजळ पुढं केली होती, तिच्यावर त्यांनी ते उलटं केलं. काहीच पडलं न्हाई. गावापुढं, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाल्या, "सरपंच, पाणी नाही. गढीत पाणी नाही."

एवढं बोलून त्या काठीवर वाकल्या. दगडोबाच पळाला, आपटलेली खुर्ची उचलून आणली, धूळ पुसली आणि त्यांच्यामागं धरली. पंचायतीच्या खुर्चीवर बसल्या त्या. थोडा वेळ श्वास घेतला, मग मला म्हणाल्या, "चला. पाणी न पिताच घरचे झालात. बारव दाखवते." पुढं त्या, मागं मी, आणि माझ्यामागं सगळं गाव, सज्जापर्यंत. कुणी चपला घालून आलं न्हाई. खाली बारवेच्या पायऱ्या तळापर्यंत कोरड्या, मध्ये भेगा पडलेला गाळ आणि त्यात केवळाबाईची वाटी. बायका रडायला लागल्या. त्यांच्यातली नागुबाई म्हणाली, "सरकार, आम्हाला सांगितलं असतं तर आमच्यातलं घोट घोट आणून दिलं असतं की!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सही करून तहसीलदारांना बोलावणं धाडलं. पंचनामा झाला, टँकर सुरू झालाय. दारापुढच्या जुन्या डोणीतच पाणी सोडतात. आता टँकर आला की आधी कोण भरणार यावर भांडणं होऊन राहिलीत, पण ती पाण्याची भांडणं, चालायचंच.

मी राजीनामा लिहून चावडीवर ठेवला होता. मेंबरांनी तो अजून घेतला न्हाई आणि परतही दिला न्हाई. रस्त्यानं जाताना लोक शरणार्थ घालत न्हाईत. पोरं माझ्यामागं म्हशीसारखं हंबरतात. ते मी सहन करतो. पण लातूरला गेलो तेव्हा चांगुणेला खरं सांगितलं ते सहन होत न्हाई. तिनं सगळं ऐकून घेतलं, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "हे कशाला सांगितलंस रं? ती गोष्ट होती म्हून मला पडल्या पडल्या बरं वाटत होतं." मी उठून आलो. किशनराव दारात होता, त्यानं वाट दिली.

आज टँकर आला तेव्हा पहिली घागर मी स्वतः डोक्यावर घेऊन गढीत दिली. संध्याकाळी आमच्या दारात केवळाबाई. हातात तेच फुलपात्र, वर फडकं झाकलेलं, काठोकाठ भरलेलं. म्हणाली, "सरकारांनी विचारलंय, सरपंचांची पूजा झाली का. झाली असंल तर हे घ्या, न्हाई तर मी थांबते."

झाली नव्हती, आत्या. सकाळपासून टँकरपाशी उभा होतो, तोंडात पाणी न्हाई. तू सांगितलं तसं ओल्या फडक्यानं अंग पुसलं, विभूती लावली, लिंग हातावर घेऊन बसलो. केवळाबाई ओसरीवर बसून राहिली, नीलम्मा तिच्याशी बोलत राहिली. मग बाहेर येऊन मी दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं. निम्मं मी प्यालो. उरलेलं नीलम्मानं बाटलीत भरून दिलंय, उद्या पहिल्या गाडीनं लातूरला चांगुणेकडं घेऊन जाणार हाय. ती घेईल की न्हाई ठाऊक न्हाई. तिनं घेतलं न्हाई तर मी ते परत आणणार न्हाई, तिच्या उशाशी ठेवून येईन.

तुझा
संगप्पा